तिसरी दोरी

सोहार मागे पडलं तशी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेतं सुरू झाली. खजुराच्या बागा, त्यांच्या सावलीत लिंबाची झाडं, केळीचे चार-दोन बुंधे आणि मधूनमधून हिरव्या गवताचे चौकोन, इतके हिरवे की डोळ्यांना खरे वाटू नयेत. ओमानच्या समुद्राकाठची सुट्टी संपवून आम्ही मोटरहोममधून अबुधाबीला घरी परतत होतो. गाडी तुमचा सलीलमामा चालवत होता, शेजारी मुग्धामामी बसली होती, आणि मी मागे, खिडकीपाशी, आडव्या टांगलेल्या एका ओल्या चादरीच्या पलीकडे.

इरा, नील, त्या चादरीबद्दल लिहायला बसले आहे. तुमची आई हे तुम्हाला वाचून दाखवेल, तिला माझं अक्षर लागतं. वाचताना काही ठिकाणी ती थांबेल. तिला थांबू द्या. मीही लिहिताना मघाशी उठून खोलीचं दार लावून आले, आणि घरात माझ्याशिवाय कुणी नाही.

मोटरहोम तुम्हाला सांगायला नको. तुमच्याकडे कॅनडात उन्हाळ्यात अशा गाड्यांची रांग लागते असं इरा म्हणाली होती. पण आतून कसं असतं ते मला ठाऊक नव्हतं. सगळं घर एका बोळात. शेगडीचं कपाट उघडलं की संडासाचं दार अडतं, संडासाचं दार उघडलं की झोपलेल्या माणसाचे पाय दिसतात. माझा पलंग मागच्या बाजूला, सलील-मुग्धाचा वर, ड्रायव्हरच्या डोक्यावर. पहिल्या दिवशी मी माझ्या सवयीने सगळे डबे लावले, मसाल्यांना चिठ्ठ्या चिकटवल्या, चपला एका ओळीत ठेवल्या. सलील म्हणाला, "आई, हे घर परत द्यायचंय बरं का. नाहीतर तू नावाची पाटी लावशील."

शेवटच्या सकाळी जाग आली तेव्हा समुद्राचा आवाज येत होता आणि पलंग ओला होता.

थोडा वेळ मी हललेच नाही. आदल्या दिवशी वाळूत फार उकडलं म्हणून मी लबान प्यायले होते, इथलं दाट ताक, एका बैठकीत सगळी बाटली. एरवी मी असं करत नाही. गेली काही वर्षं मी दुपारनंतर पाणी मोजकंच पिते. कुठल्या मॉलमध्ये कुठल्या मजल्यावर सोय आहे, ते मला दुकानांच्या आधी ठाऊक असतं. हे कुणाला माहीत नव्हतं, निदान माझी तशी समजूत होती. मी उठले, आवाज न करता चादर ओढली, तिची घडी घातली, ती घडी एका पिशवीत घातली आणि पिशवी घेऊन त्या बोळात उभी राहिले. लपवायला जागा नव्हती. जे कपाट उघडावं त्याचं दार कुणाच्या तरी तोंडाशी उघडत होतं.

मुग्धा वरून उतरली. पिशवीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाली, "द्या." तिने बाहेरच्या नळाखाली चादर धुतली, गादीवर टॉवेल दाबला, आणि निघायची वेळ झाली म्हणून दोन कपाटांच्या कड्यांना दोरी बांधून चादर आतच टांगली. सलील बाहेर टायरमधली हवा बघत होता. गाडी सुरू झाल्यावरही तो बराच वेळ टायरमधल्या हवेबद्दलच बोलत राहिला, अगदी समोर बघून. त्यावरून मी ओळखलं की त्याला कळलं आहे.

"वाटेत एखादं मोठं दुकान लागलं तर थांब," मी म्हणाले. "नवीन चादर घेऊ. ही टाकून देऊ."

"कशाला?" सलीलने विचारलं.

"काही नको," मुग्धा म्हणाली. "धुतलीय मी. आई, चिल." मुग्धा शारजात वाढलेली मुलगी आहे. तिच्या मराठीत असे शब्द मधेच येऊन बसतात, आणि त्यांना उठवावं असं मला कधी वाटलं नाही.

खिडकी थोडी उघडी होती. एका हिरव्या चौकोनाला पाणी सोडलं होतं आणि तिथून वास आला. ओल्या लसूणघासाचा. इथे त्याला जत म्हणतात, उंटा-बकऱ्यांसाठी लावतात. तो वास आला आणि मी ओमानमध्ये राहिलेच नाही.

माझे वडील पाटबंधारे खात्यात इंजिनिअर होते. आम्ही कालव्याकाठच्या सरकारी वसाहतीत राहायचो. एकसारखी दगडी घरं, प्रत्येकामागे अंगण, अंगणापलीकडे कालवा, आणि कालव्याच्या उतारावर गायींसाठी लावलेला लसूणघास. सकाळी पाटकरी पाणी सोडायचा तेव्हा आधी वास यायचा, मग पाण्याचा आवाज. हिवाळ्यात गवतावरून वाफ निघायची. मिशनच्या शाळेत जायची बस यायच्या आधी मी अंगणात उभी राहून वेणीला रिबन बांधायची, आणि आई तोवर कपडे वाळत घालत असायची.

आमच्या अंगणात तीन दोऱ्या होत्या. पहिली रस्त्याच्या बाजूला. तिच्यावर वडिलांचे शर्ट आणि पांढऱ्या चादरी, ताणून, कोपऱ्याला कोपरा लावून. साहेबाचं घर कसं आहे ते त्या दोरीवरून कळायचं. दुसरी मधे, तिच्यावर आईची लुगडी, माझे फ्रॉक, गणवेश. तिसरी दोरी पाण्याची टाकी आणि मागची भिंत यांच्या बोळात होती. तिथे ऊन कधी पोहोचायचं नाही. तिच्यावर आईचं एक विटकं हिरवं लुगडं कायम टाकलेलं असायचं, पावसाळा असो की उन्हाळा. ते कधी कुणी नेसत नसे. लहानपणी मला वाटायचं, ते आईचं आवडतं असेल म्हणून सावलीत जपलंय.

मोठी झाले तेव्हा कळलं की त्या लुगड्याखाली काय वाळतं. महिन्याच्या त्या दिवसांतले जुन्या धोतराचे तुकडे, धुऊन, पिळून, खाली घालायचे आणि वरून हिरवं लुगडं ओढायचं. "कडा दिसता कामा नयेत," आईने सांगितलं, एकदाच. तिने काही आवाज चढवला नाही. पहिल्या दोरीवर घडी कशी घालायची ते ज्या आवाजात शिकवलं, त्याच आवाजात हेही शिकवलं. ते तुकडे कधी पुरते वाळत नसत. त्यांना एक आंबूस, सादळलेला वास यायचा आणि ते अंगाला गार लागायचे. बाहेर वसाहतीवर एवढं ऊन पडलेलं असायचं की पापड उलटायच्या आत कडकडीत व्हायचे. त्या बोळात मात्र शेवाळ होतं.

शाळेत आम्ही इंग्रजीत सगळं शिकलो. फुलाचे भाग शिकलो, नद्यांची नावं, टेबलावर काटा कुठल्या बाजूला ठेवायचा तेही. बसमधून उतरून घरी येताना एखादे दिवशी मी दप्तर पाठीऐवजी कमरेच्या खाली धरून चालत यायची, कालव्याच्या कडेकडेने, आपल्या मागे कुणी असू नये म्हणून सगळ्यांच्या मागून. लसूणघासाचा वास तेव्हाही येत असायचा. म्हणून तो वास आला की मला आधी थंडी आठवते, मग वाफ, आणि मग अंग चोरून चालणं.

लग्न होऊन मी अबुधाबीला आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात बाल्कनीत कपडे घातले. आमच्या इमारतीचा नातूर, म्हणजे वॉचमन, वर आला. "मॅडम, बाल्कनी में नहीं. मना है." रस्त्यावरून कपडे दिसता कामा नयेत, असा इथला नियम. शेजारणी कुरकुर करायच्या. सूर्य तर नुसता ओतत असतो आणि ओले कपडे खोलीत, एसीखाली, घडीच्या स्टँडवर. तुमचे आजोबा म्हणायचे, "वाळवंटात राहून कपड्यांना ऊन दाखवायची चोरी." खरं सांगायचं तर मला तो नियम आवडला. सगळ्या शहराला एक तिसरी दोरी होती, आणि मला तिची सवय होती.

आजोबा शुक्रवारी आम्हाला जुन्या रस्त्याने अल ऐनला न्यायचे. तेव्हा वाळू रस्त्यावर येऊन बसायची. तुमची आई आणि सलीलमामा मागच्या सीटवर भांडून झोपून जायचे, स्टीलच्या डब्यातल्या पुऱ्यांचा वास गाडीभर, टेपवर एकच कॅसेट. वाटेत घाफची झाडं लागायची. हे झाड म्हणजे आपली शमी. गणपतीच्या आधीच्या शुक्रवारी आजोबा मुद्दाम थांबून तिची चार पानं घ्यायचे, रुमालात बांधायचे. मी गाडीतून उतरत नसे. इतक्या उघड्यावर, चहूकडून आकाश दिसत असताना, मला कसंतरीच व्हायचं.

असा सगळा विचार करत मी त्या चादरीआड बसले होते. शेतं संपली, डोंगर आले, तपकिरी, उघडेबोडके, आणि मग सरहद्द आली. पासपोर्टवर शिक्के झाले. पुढच्या ठिकाणी गाडी तपासायची होती. तरुण अधिकारी होता, गणवेशाची इस्त्री अशी की माझ्या आईने मान डोलावली असती. त्याने सलीलला खाली उतरवलं, पुढची कपाटं उघडून बघितली, आणि बूट वाजवत आत आला. मी पदर घट्ट धरला. दोन पावलांवर तो चादरीशी येऊन थांबला. त्याचे बूट मला चादरीखालून दिसत होते. आता हा ती बाजूला करणार. ती ओली आहे हे त्याच्या हाताला कळणार, आणि मग तो विचारणार. माझं इंग्रजी उत्तम आहे, पण ओल्या चादरीचं इंग्रजी मला शाळेत कुणी शिकवलं नव्हतं.

"अंदर कौन?" त्याने विचारलं.

"माय मदर, सर," दारातून सलील म्हणाला.

बूट एक पाऊल मागे गेले. "मामा?" इथे आईला मामा म्हणतात. मग त्याने पलीकडूनच, आवाज खाली आणून, मला सलाम केला. तब्येत कशी आहे विचारलं. मी "थँक यू" म्हणाले, जे त्या प्रश्नाचं उत्तर नव्हे. तो उतरला आणि सलीलला म्हणाला, "पहले बोलना था ना, भाई. मामा अंदर है." दार ओढलं गेलं. "खलास. यल्ला, यल्ला."

गाडी सुटली. मुग्धा तोंडावर हात ठेवून वळली. "आई, त्याला वाटलं तुमच्यासाठी पडदा लावलाय."

सलीलसुद्धा हसला. "व्हीआयपी केबिन. पुढच्या वेळी चार पडदे लावू."

मी हसले नाही. तुम्हाला वाटेल, आजी सुटली. मला उलट जास्त लाज वाटली. कुणाच्या तरी चांगल्या मुलाने मान खाली घालून दिलेला मान मी ओल्या चादरीमागे बसून घेतला होता. त्याच्या घरातली आजी अशीच पडद्याआड बसत असेल, आणि तिचा पडदा कोरडा असेल. "काढ ती," मी मुग्धाला म्हणाले.

"ओली आहे अजून. अशीच गुंडाळली तर वास येईल, आणि गाडी परत देताना ते सगळं मोजून घेतात."

"मग टाकून दे म्हटलं ना मी मघाशी."

"सलील," मुग्धा म्हणाली, "पुढे कुठे सावली दिसली तर थांब."

अल ऐन ओलांडल्यावर एके ठिकाणी रस्त्याच्या आत एका वाडीच्या कुंपणाची जाळी दिसली. पलीकडे जत, तसाच ओला, आणि अलीकडे एक घाफ. सलीलने गाडी वळवली. मुग्धाने दोरीचं एक टोक गाडीच्या आरशाला बांधलं, दुसरं झाडाच्या फांदीला, आणि चादर बाहेर नेऊन झटकली. तो आवाज, ओल्या कापडाचा फटका. किती वर्षांनी ऐकला. मी दारातच उभी होते.

"वरून काहीतरी टाक," मी म्हणाले.

"कशावर?"

"चादरीवर. माझी शाल घे."

"आई, शाल टाकली तर वाळणार कशी?"

"अगं, दिसतंय."

तिने मागे सरून बघितलं. "काय दिसतंय? चादर दिसतेय." रस्त्यावरून एक पाण्याचा टँकर गेला, मग उंट घेऊन जाणारी पिकअप. कुणी हॉर्न वाजवला नाही. कुणी बघितलंही नसेल.

मग मी तिला तिसऱ्या दोरीचं सांगितलं. हे मी तुमच्या आईलाही कधी सांगितलं नव्हतं. मुग्धा दोरीची गाठ आवळत ऐकत होती.

"मग ते वाळायचं कधी?"

"नाही वाळायचं."

"म्हणजे ओलंच घ्यायचात?"

"दमट."

तिने गाठ सोडून पुन्हा बांधली. माझ्याकडे बघितलं असतं तर मी पुन्हा आत जाऊन बसले असते.

सलील पाण्याची बाटली घेऊन आला. टोपण काढून माझ्यासमोर धरली. "आई, पाणी पी."

"नको आत्ता. घरी गेल्यावर."

"सकाळपासून घोटभर घेतलं नाहीस. काल लबान प्यायलीस ना, तेव्हाच मला बरं वाटलं होतं. म्हटलं, चला, सुट्टीत तरी पितेय." तो पुन्हा टायरकडे बघायला लागला. "लागेल तिथे थांबू. मला काय आज ऑफिस गाठायचंय?"

म्हणजे त्याला फक्त आजचंच कळलं होतं असं नाही. त्याला केव्हापासून कळत होतं कोण जाणे. मॉलमध्ये तो नेहमी एकाच बाजूला गाडी लावतो, ती बाजू का, हे त्या उन्हात उभं राहून माझ्या लक्षात आलं. इतकी वर्षं मी जे झाकत होते, त्याच्या कडा दिसत होत्या. आणि ज्याला दिसत होत्या, त्याने वरून आणखी एक शाल टाकून ठेवली होती. मान वर करवेना. मी बाटली घेतली आणि प्यायले. कोमट पाणी, प्लॅस्टिकचा वास असलेलं. सगळी बाटली संपवली.

चादर इतक्या लवकर वाळली की मला पटेना. मी हात लावून बघितला. ती गरम होती. मुग्धाने दोन कोपरे धरले, मी दोन. ताणायचं, जवळ यायचं, कोपरे तिच्या हातात द्यायचे, खालची घडी उचलायची. माझे हात आपसूक चालले. पहिल्या दोरीवरच्या चादरींची मी आणि आई अशीच घडी घालायचो, हिवाळ्याच्या दुपारी, आणि दर वेळी जवळ आलो की आईच्या मनगटाला साबणाचा आणि उन्हाचा वास यायचा. त्याच मनगटांनी ती मागच्या बोळात ते तुकडेही वाळत घालायची. तो वास घेऊन. शेवटच्या घडीला मी चादर नाकाशी धरली. तो वास कापडात होता.

वाटेत आम्ही तीनदा थांबलो. सलीलने एकदाही विचारलं नाही, आणि मीही कारण सांगितलं नाही. घाफ मागे पडले, मग दिव्यांचे खांब आले, मग इमारती. आमची बाल्कनी खालून दिसली. रिकामी, नीटनेटकी.

आता इरा, तुझ्याशी बोलायचं आहे. गेल्या महिन्यात तू फोनवर मला तुझी खोली दाखवलीस, तुझा दुमजली पलंग, आणि खालचा मजला माझा म्हणालीस. मी म्हणाले, गुडघे दुखतात, यंदा तिकडे यायला जमायचं नाही. तू म्हणालीस, "ओके आजी. नो प्रॉब्लेम," आणि फोन नीलकडे दिलास. तुझा चेहरा बाजूला झाला तो मला दिसला. माझे गुडघे ठीक आहेत. नीलपेक्षा मी जिने बरे चढते. मला भीती त्या खालच्या मजल्याची होती, सकाळी तू वरून खाली वाकून बघशील त्याची.

ती अजून गेलेली नाही. हे लिहिताना कान गरम झाले आहेत, आणि तुमची आई इथे वाचताना थांबली असेल तर मला समजेल. पण सलील आता मुग्धाला घेऊन मोटरहोम परत द्यायला गेला आहे. तो आला की त्याला मी तिकिटाचं बघायला सांगणार आहे.

आईला सांग, माझ्या गादीवर चादरीखाली मेणकापड घालायचं. आणि तुमच्या मागच्या अंगणात मला एक दोरी बांधून हवी आहे. नीलला दोन खांब शोधायला लाव. भिंतीच्या बाजूला नको, झाडाखाली नको. जिथे सबंध सकाळ ऊन असतं, तिथे.